दुसरा कुणी आहे म्हणून

प्रशांतने पहिल्या भेटीत बसायला जागा दिली खरी, पण ती मला नाही.

मुरबाडला जाणारी गाडी, ऐन लग्नसराईचे दिवस. आहेराच्या पिशव्या, नव्या साड्या, मोगऱ्याचे गजरे, आणि त्या सगळ्या चेंगराचेंगरीत मी आमच्या सेंटरचा बिघडलेला सीपीयू छातीशी धरून उभी. किन्हवलीच्या अलीकडे खिडकीपाशी बसलेला एक सावळा, चष्मेवाला मुलगा उठला आणि सीटकडे हात केला. चला, जगात अजून माणुसकी आहे, असं मनात म्हणत मी बसायला वाकले, तर हा म्हणतो कसा, "तुमी नाय. त्याला बसवा. त्याला हादरे सोसत नाय."

"आणि मला सोसतात?"

"तुमचे स्क्रू घट्ट दिसतायत."

आजूबाजूच्या बायका फिस्सकन हसल्या. मी सीपीयू सीटवर आपटलाच असता, पण तो सेंटरच्या मालकांचा, म्हणजे सरांचा होता. मग काय, सीपीयू खिडकीत बसून वारा खात गेला आणि आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना मुरबाडपर्यंत उभे. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं असेल तर एखाद्या वेळी.

उतरल्यावर मी सरांनी सांगितलेलं रिपेअरचं दुकान शोधत निघाले. दुकान बंद. आणि मागे वळते तर तोच मुलगा माझ्यामागून येतोय. माझं डोकंच फिरलं. बायकांच्या मागे लागायची लाज कशी वाटत नाही, वगैरे जे तोंडाला येईल ते सगळं मी त्याला सुनावलं. त्याने मान खाली घालून शांतपणे ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर खिशातून किल्ली काढली, शटर वर केलं आणि म्हणाला, "आत या. चहा घेणार ना?"

तर असा प्रशांत. आणि मी संघरत्ना, घरी रत्ना. शहापूरला खताच्या दुकानावरच्या माडीत आमचं कॉम्प्युटर सेंटर होतं. सर संध्याकाळी तोंड दाखवायला यायचे; शिकवणं, कुलूप उघडणं, झाडू मारणं, सगळा कारभार माझा. शिकायला डोळखांबच्या पाड्यांवरून मुली यायच्या, भातसानगरच्या कॉलनीतली पोरं यायची, आणि नोकरी टिकवायला टायपिंग सोडून कॉम्प्युटर शिकणारे क्लार्क काकाही यायचे. दोन हजार पाच साल होतं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे नेट आलं आणि सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम सरांनी प्रशांतला दिलं. मग तो दर गुरुवारी मुरबाडहून यायला लागला.

त्याची कामाची एक रीत होती. आल्या आल्या मशीनला हात लावायचा नाही. आधी चहा. मग विचारायचा, "काय बदललं?" मी म्हणायचे, काही नाही, आपोआप बिघडलं. तो म्हणायचा, "आपोआप कुणी रुसत नाय. घरात कुणीतरी कायतरी केलेलं असतं." आणि खरंच, शोधल्यावर निघायचंच काहीतरी. कुणी वायर ओढलेली, कुणी सेटिंगमध्ये बोट घातलेलं. मी मुद्दाम कधी काही बिघडवलं नाही. एकदा माऊसची वायर काढून ठेवली होती, पण तेव्हा दोन गुरुवार सलग तो आला नव्हता, त्याला मी काय करणार?

वायरीच्या टोकाला प्लग बसवताना मी बॅटरी धरायचे. बाहेर पावसाची संततधार, पत्र्यावर तडतड, आणि आत आमची दोन डोकी एका वायरवर वाकलेली. तो बारीक रंगीत तारा बोटांनी सरळ करत पुटपुटायचा, नारंगी पांढरी, नारंगी, हिरवी पांढरी, निळी... मलाही तो क्रम पाठ झाला होता. एकदा तो हिरवीनंतर पुन्हा हिरवीच म्हणाला. चुकलं, असं सांगायला मी वर पाहिलं, तर तो वायरकडे बघतच नव्हता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय... बॅटरी जरा खाली धर, रत्ना. डोळ्यांवर येतेय."

बॅटरी त्याच्या डोळ्यांवर नव्हती. आणि त्या दिवशी तो मला पहिल्यांदा 'मॅडम' सोडून रत्ना म्हणाला होता. घरी जाताना मी छत्री उघडायची विसरले आणि चेरपोलीला पोचेपर्यंत चिंब झाले. आईने विचारलं, हसतेस काय?

सगळं असं छान चाललेलं असताना भीमाबाईंनी स्थळ आणलं.

भीमाबाईंचं झेरॉक्सचं दुकान आमच्या सेंटरला लागून होतं, मधे एकच भिंत. नात्याने त्या आमच्या लांबच्या, स्वभावाने फारच जवळच्या. त्यांच्याकडे एक कॉम्प्युटर होता, आणि कुणाचा निकाल काढायचा, कुणाचा अर्ज छापायचा म्हणून त्या दिवसातून दहादा आमच्या माडीत यायच्या. शेवटी मीच प्रशांतला सांगून भिंतीला भोक पाडलं आणि आमच्या नेटची एक वायर त्यांना दिली. आमच्याकडे शेजारच्या घरी आमटीची वाटी जाते तसंच ते. वायरीच्या बदल्यात भीमाबाईंनी भाचा देऊ केला. अंबरनाथला कंपनीत, परमनंट, स्वतःचा ब्लॉक. बाबा एकदम खूश. रविवारी पाहुणे बघायला येणार, कांदेपोहे ठरले. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? ज्याचं नाव सांगायचं त्याने तरी कुठे तोंड उघडलं होतं?

उलट तोच बदलला. महिनाभर तो मला पुन्हा 'मॅडम' म्हणत होता. चहा नको म्हणायचा. बॅटरी स्वतःच दातात धरायचा. मी टोमणे मारून पाहिले, अबोला धरून पाहिला, ढिम्म. मी रागाने रात्र रात्र कूस बदलायचे आणि सकाळी ठरवायचे, गेला उडत. तो पुढचा गुरुवार येईपर्यंत उडत राहायचा.

रविवार तीन दिवसांवर आला होता. गुरुवारी सकाळी मी सेंटर उघडलं, आणि एकाही कॉम्प्युटरवर नेट नाही.

साधी गोष्ट असते. जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर लागतो, घराला घरनंबर असतो तसा. तो नंबर वाटायचं काम आमच्या कोपऱ्यातला मोठा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर करायचा. त्याच्यात त्या कामाची एक वेगळी सर्व्हिस होती. ती सर्व्हिसच बंद पडली होती. मी चालू करायची, ती 'चालू' असं दाखवायची, आणि मी खुर्चीत बसते न बसते तोवर पुन्हा बंद. आणि दुसऱ्या दिवशी मुलींची परीक्षा. ऑनलाइन. नेट नसेल तर परीक्षा कल्याणच्या सेंटरला, आणि पाड्यावरच्या पोरींना कल्याणला कोण पाठवणार होतं?

मी प्रशांतच्या दुकानात फोन लावला. "सर्व्हिस चालू होत नाही," एवढंच म्हणाले. नाव घेतलं नाही.

"निघतो, मॅडम," म्हणाला.

परतीचा पाऊस होता. कापलेलं भात शेतात भिजत पडलेलं, लोक कावलेले. तो आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चष्म्यावर थेंब होते. मी टॉवेल पुढे केला. त्याने घेतला, पण माझ्याकडे न बघता.

"काय बदललं?"

"काही नाही."

"तुमी काय नाय म्हणता तेव्हा कायतरी असतं."

मी म्हणाले, "तुझ्यासारखंच."

तो खुर्ची ओढून सर्व्हरसमोर बसला. बंद करून चालू केला. तारीख बघितली, जागा किती उरलीय ते बघितलं. सर्व्हिस सुरू केली; ती थोडा वेळ तग धरून पुन्हा बंद. मग त्याने मशीन स्वतःच जिथे आपल्या तक्रारी नोंदवतं ती खिडकी उघडली आणि त्यातली लाल खुणेची ओळ वाचली. 

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय... या नेटवर्कवर दुसरा एक सर्व्हर आधीच नंबर वाटतोय. दुसरा कुणी आहे, म्हणून मी बंद होतोय."

"दुसरा कोण? आपल्याकडे तर एकच आहे."

"बघू," तो म्हणाला आणि सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यापाशी उकिडवा बसला. "मी एकेक काढतो. तुमी सर्व्हिस चालू करा आणि सांगा."

त्याने एक वायर काढली. "आता?"

"बंद."

"आता?"

"बंद."

कितीतरी वेळ आम्ही दोघं एवढे दोनच शब्द बोलत होतो. महिनाभरात एवढंही बोललो नव्हतो. 

"आता?"

"चालू..." मी थांबले. श्वास रोखून स्क्रीनकडे बघत राहिले. "अजून चालू. प्रशांत, चालूच आहे."

त्याच्या हातात जी वायर होती ती भिंतीच्या भोकातून पलीकडे गेली होती.

"भीमाबाईंची," तो म्हणाला. "त्यांच्याकडं कुणीतरी वेगळं नेट घेतलंय आणि त्यावर वाटणी चालू केलीय. त्यांचं मशीन या वायरीतून आपल्या सगळ्यांना नंबर द्यायला लागलं."

मला एकदम आठवलं. आदल्या संध्याकाळी मी कुलूप लावत होते तेव्हा भाचा आत्याला भेटायला आला होता, बगलेत नव्या मोडेमचा खोका. जाता जाता मला म्हणाला होता, लोकांच्या नेटवर किती दिवस काढणार आत्या, मी करून देतो सगळं. आणि शोरूममधला फ्रिज बघतात तसं मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं होतं.

"भाच्याचे उद्योग," मी म्हणाले. "टाक काढून ती वायर."

"अशी कशी काढू? आधी त्यांना विचारा. तुमच्या घरचा माणूस हाय तो."

"माझ्या घरचा?"

"ठरलंय ना तुमचं. भीमाबाई बोलल्या मला, महिना झाला." तो वायरीचा प्लग बोटात फिरवत होता. "चांगलं स्थळ हाय म्हणाल्या. परमनंट."

मी बघतच राहिले. महिनाभराचा 'मॅडम', नाकारलेले चहा, दातात धरलेली बॅटरी, सगळं एका झटक्यात कळलं. हसू की रडू ते मात्र कळेना, म्हणून मी भांडायला घेतलं. मला तेच येतं.

"तुझा हा सर्व्हर मूर्ख आहे."

"का?"

"पावसाळाभर इथे काम करतोय. सगळ्यांना माहीत आहे, इथला तो आहे. काल कुणीतरी बाहेरचा आला. हा त्याला विचारत नाही तू कोण, भांडत नाही, खात्री करत नाही. आपणच तोंड मिटून बसतो."

"त्याला तसंच बनवलंय," तो हळूच म्हणाला. "दोघांनी एकच काम करायला घेतलं तर घोळ होतो. म्हणून ज्याला दुसरा दिसतो तो माघार घेतो. साधा हाय तो."

"साधा नाही, भित्रा आहे. घरात मालकीण आहे ना? तिला विचारायचं, बाई, मी राहू का जाऊ?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने चष्मा काढला, ओल्या शर्टाला पुसला, तर तो आणखीच ओला झाला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे मी पहिल्यांदाच नीट पाहत होते.

"विचारायची भीती वाटते," तो म्हणाला. "ती जा म्हणाली तर... मग गुरुवार कुठं घालवायचे?"

मला त्याचा इतका राग आला आणि तो मला इतका आवडला, की दोन्ही एकदम कुठे ठेवू ते समजेना. मी त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. त्या वायरींच्या गुंत्यात.

"विचार," मी म्हणाले. "एकदा विचारून तर बघ."

तो तोंड उघडणार तेवढ्यात दारातून आवाज आला. "माझ्या मशीनवर तुमच्याकडचं कायच दिसत नाय, तुमचा प्रिंटर पण गेला. वायर कुणी काढली गो?"

भीमाबाई. कमरेला पदर खोचलेला, हातात झेरॉक्सचे कागद. त्यांनी आधी प्रशांतच्या हातातल्या वायरीकडे पाहिलं, मग जमिनीवर बसलेल्या माझ्याकडे. माझे डोळे भरलेले होते, ते पुसायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भीमाबाईंनी कागद टेबलावर ठेवले आणि स्टुलावर बसल्या.

"असं हाय तर," त्या म्हणाल्या.

"तुम्ही याला सांगितलंत माझं ठरलंय म्हणून," मी म्हणाले.

"ठरलंय नाय म्हटलं. ठरल्यात जमा म्हटलं." मग माझ्याकडे वळून, "मला आधी सांगायला काय झालं तुला? मी काय परकी?"

"तुम्ही विचारलंत मला?"

"पोरीला कोण विचारतं," भीमाबाई सवयीने बोलून गेल्या, आणि बोलल्यावर स्वतःच थांबल्या. बराच वेळ पदराचं टोक चाचपत राहिल्या. "मला पण नव्हतं विचारलं. संसार काय वाईट झाला नाय. माणूस चांगला होता... पण विचारायला पायजे होतं गो. एकदा तरी."

 मी उठून त्यांच्याजवळ गेले, तर त्यांनी माझा हात धरून मलाच दटावलं, "चल, रडू नको. पोरींची परीक्षा हाय ना उद्या? ते भाच्यानं काय केलंय ते बंद करा आधी." प्रशांत त्यांच्या दुकानात गेला, भाच्याने चालू केलेली वाटणी बंद करून आला. मग वायर पुन्हा लावली. आमचा सर्व्हर कुणाच्या धाकाशिवाय नंबर वाटायला लागला, आणि भीमाबाईंचं मशीनही पहिल्यासारखं त्यात आलं.

"भाच्याचं मी बघते," भीमाबाई म्हणाल्या. "त्याला मुलींची वाण नाय. पण रत्ने, तुझ्या बापाला काय सांगू? रविवारचे पोहे सांगून ठेवलेत."

"पोहे राहू द्या तसेच," प्रशांत म्हणाला. एवढा वेळ खाली असलेली त्याची मान वर झाली होती. "माणसं फक्त बदला."

परीक्षा नीट झाली. पण त्या शुक्रवारचं मला काहीच आठवत नाही, कारण माझं सगळं लक्ष रविवारकडे होतं. भीमाबाईंनी आईच्या कानावर घातलं होतं, आईने बाबांच्या. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात पाळ्या केल्या होत्या. परमनंट या शब्दाला आमच्या घरात फार किंमत होती. ते नाही म्हणाले असते, तर मी त्यांच्याशी भांडले असते, पण त्यांना सोडून गेले नसते. हे मला माहीत होतं, आणि भीती त्याचीच होती.

रविवारी प्रशांत आणि त्याची आई आली. पुढे भीमाबाई, जणू त्यांनी पहिल्यापासून हेच स्थळ आणलं होतं. ओट्यावर भात वाळत घातलं होतं ते बाजूला सारून सगळे आत आले. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर नमस्कार झाले, पोह्यांच्या बश्या फिरल्या. बाबांनी विचारलं, नोकरी?

"दुकान हाय रिपेअरचं. परमनंट नाय," प्रशांत म्हणाला.

बाबांनी बशी खाली ठेवली. बाबांच्या शेजारी बसलेले माझे काका खाकरले. प्रशांतच्या आईने पदर घट्ट केला. मी आत दाराला टेकून उभी होते, मला बाहेर बोलावलं तेव्हा खुर्चीपर्यंत कशी गेले कोण जाणे. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. रीत म्हणून, अगदी रीतीपुरतंच, ते प्रशांतला म्हणाले, "मुलीला काय विचारायचं असंल तर विचारा."

अशा वेळी नाव विचारतात, शिक्षण विचारतात, स्वयंपाक येतो का विचारतात. प्रशांतने चष्मा सारखा केला. कपाळावर घाम होता. भरल्या घरात, माझ्या बापासमोर, माझ्याकडे सरळ बघत त्याने विचारलं,

"रत्ना, तुला मी चालंन का?"

काका हसणार होते, पण हसले नाहीत. आईचा हात पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला.

"ही कुठली रीत?" बाबा म्हणाले.

"नवीन हाय," भीमाबाई म्हणाल्या. "पण बरी हाय."

बाबांनी मान वळवली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सांग ना. विचारतोय तो."

"चालेल," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही नीट, कुणाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाले, "बाबा, मला हाच चालेल."

बाबा उठले, दारापर्यंत गेले, बाहेर वाळत घातलेल्या भाताकडे बघत पाठमोरे उभे राहिले. डोळे पुसले की काय ते मला दिसलं नाही. मग तिथूनच आईला म्हणाले, "चहा ठेव गो सगळ्यांना. साखर जरा सढळ टाक."